निळी पेटी

जुईनगरच्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या दुकानांच्या रांगेत, किराणा आणि झेरॉक्स यांच्यामध्ये प्राण्यांचा दवाखाना आहे. आत शिरलं की आधी दिसतं ते तपासणीचं स्टीलचं टेबल, मग कोपऱ्यातला वजनकाटा, मग फ्रीज. ती असते टेबलाखाली, कुणाचा पाय लागू नये म्हणून जरा आत सारलेली. निळं अंग, पांढरं झाकण, खांद्याला अडकवायचा पट्टा. मूळचा पट्टा कधीच तुटला. आता शाळेच्या जुन्या दप्तराचा शिवून लावलाय. झाकणावर मार्करने एकच शब्द लिहिलाय, ‘लस’. दुकानदाराच्या बिलावर ती ‘व्हॅक्सिन कॅरियर’ असते, डॉक्टर मॅडम तिला नुसतं ‘कॅरियर’ म्हणतात आणि दवाखान्यातला मदतनीस ‘निळी पेटी’. आमच्या कुत्रीच्या निमित्ताने मी तिथे जाऊ लागलो आणि हळूहळू माझं लक्ष या पेटीवर जडलं.

तिच्यात चालणारं असं काहीच नाही. मोटार नाही, वायर नाही, दिवा नाही. प्लास्टिकच्या दोन भिंतींमध्ये दाट फोम भरलेला, आत चारी बाजूंना बर्फाचे चपटे पॅक उभे करायची जागा, मधल्या चौकोनात लसीच्या कुप्या आणि वर जाड स्पंज. ती स्वतः थंडी तयार करत नाही. फ्रीज थंडी तयार करतो आणि वीज गेली की तिथेच संपतो. पेटीकडे जी थंडी सोपवली जाते ती तिने फक्त जपायची असते, आणि तेही उन्हात, स्कूटरवर, खड्ड्यांतून, गोठ्याच्या उंबऱ्याशी.

तिचं सगळं शील दोन आकड्यांत मावतं, २ आणि ८. या दोन आकड्यांमधल्या अंश सेल्सिअसचीच हवा तिच्या पोटात राहिली पाहिजे. लस जितकी गार तितकी चांगली, असं आपल्याला वाटतं आणि तिथेच घात होतो. फ्रीझरमधून काढलेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो. तो तसाच पेटीत घातला तर त्याला टेकलेली कुपी गोठते. म्हणून पॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग एकेक उचलून कानाशी हलवून बघायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला म्हणजे तो पेटीत जायला लायक झाला. मे महिन्यात जुईनगरच्या दमट उकाड्यात हे पटकन होतं, जानेवारीत वेळ लागतो. निघायची घाई असते, मदतनीस पॅक उचलायला जातो आणि मॅडम म्हणतात, “थांब, अजून बोलत नाहीये तो.”

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे समजलं तेव्हा पेटीविषयीचा माझा आदर वाढला. कुत्र्याला टोचायची रेबीजची लस मृत विषाणूची असते आणि तो विषाणू बहुधा ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेला असतो. ती गोठली की ही मांडणी मोडते आणि लसीतला जोर जातो. लाळ्या-खुरकुताची लस तेलात घोटलेली असते. तिलाही गोठणं सोसत नाही. पिलाला देतात ती डिस्टेंपर आणि पार्व्होची लस मात्र दुसऱ्या स्वभावाची. तिच्यात दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. वाळवून केलेली ती इवलीशी वडी द्रावात विरघळवून टोचायची असते. तिला भीती उन्हाची. एकीला गारठा मारतो, दुसरीला ऊब, आणि दोघी एकाच पेटीत शेजारी शेजारी बसून जातात. दोघींनाही सांभाळायचं तर पेटीला मधली वाट सोडून चालत नाही.

आणि बिघडलेली लस बऱ्याचदा बघून ओळखू येत नाही. माणसांच्या बाळांना देतात त्या अनेक लसींच्या कुप्यांवर उष्णतेने रंग बदलणारा एक छोटा चौकोन असतो, तो काळवंडला की नर्स ती कुपी बाजूला ठेवते. जनावरांच्या बहुतेक लसींवर तसलं काही नसतं. रंग तोच, वास तोच, सुईतून जातानाही तशीच. पिलू केकाटतं, मालक त्याला कुरवाळतो, कार्डावर कुपीचं लेबल चिकटतं, तारीख पडते, सही होते. सगळं रीतसर झालेलं असतं. पुढे कधी तेच पिलू पार्व्होने रक्ताची हगवण करत टेबलावर येतं तेव्हा दोष डॉक्टरांना जातो, कंपनीला जातो, नशिबाला जातो. कुठल्या तरी दुपारी झाकण अर्धवट लागलं होतं, हे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून मला वाटतं, पशुवैद्याच्या सगळ्या सामानात सर्वांत मोठ्या विश्वासावर चालणारी वस्तू हीच आहे. स्टेथोस्कोप खोटं बोलला तर दुसरा लावून बघता येतो. पेटीने घात केला तर तो टोचून झालेला असतो.

पेटीचं वर्ष ऋतूंवर चालतं. पावसाळा तोंडावर आला की घटसर्प आणि फऱ्याच्या लसी निघतात, कारण पहिल्या पावसात चिखल आणि ओल झाली की हे रोग उसळतात आणि म्हशींना घटसर्प तर एका रात्रीत आडवं करतो. शेळ्यांना त्याच सुमारास आंत्रविषाराची लस. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. शिरवणे, सानपाडा, तुर्भे, नेरुळ ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. शेतं गेली, मिठागरं गेली, तरी गावठाणाच्या बोळांत अजून कुणी चार शेळ्या बांधून असतं. स्कूटर बोळाच्या तोंडाशी थांबते, मॅडम पायांमधली पेटी उचलतात आणि ती दिसली की बायका आपापल्या शेळ्या सोडून आणतात. एक आजी दरवेळी पुढे. “डॉक्टरीन बाय, माजे शेलीला आधी दे, मना बाजारान जायाचा हाय.” वर्तमानपत्रात यायच्या आधी, फोनवर यायच्या आधी तिथे पेटीच सांगते की पाऊस जवळ आलाय आणि कुठला रोग कुठवर पोचलाय.

सप्टेंबरची २८ तारीख हा पेटीचा मानाचा दिवस. लुई पाश्चर १८९५ साली त्या दिवशी गेले, म्हणून तो जगभर रेबीज दिन. सोसायट्यांमधली पाळीव कुत्री दोरीला धरून येतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे पेटीच जाते. कोपऱ्याकोपऱ्यावर खाऊ घालणारे लोक त्या कुत्र्यांना नावाने ओळखतात, तेच धरून देतात. ज्यांच्या कानाला खाच आहे त्यांची नसबंदी झालेली असते. झाकण उघडायचं, स्पंजमध्ये खोचलेली कुपी उचलायची, सिरिंज भरायची, झाकण बंद. मॅडमचा डावा हात सवयीने झाकणावरच असतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय नि कुत्रा काय, वाचवणं जवळजवळ अशक्य. माणसाला होणाऱ्या रेबीजची बहुसंख्य प्रकरणं कुत्र्याच्या चाव्यातून येतात, म्हणजे हा रोग माणसात थांबवायचा तर आधी कुत्र्यात थांबवावा लागतो. गोव्याने गेल्या दशकात घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्री टोचून तो जवळजवळ आटोक्यात आणून दाखवला. तिथेही हे काम बर्फाच्या पेट्या खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या माणसांनीच केलं.

या पेटीचं घराणं मोठं आहे, आणि ते समजायला बुळकांडी या गुरांच्या रोगाकडे जावं लागतं. ताप, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण आणि आठवड्याभरात मृत्यू. गावचे गोठे या रोगाने रिकामे केले. जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय १७६१ साली फ्रान्समध्ये ल्योंला निघालं, त्यामागे बुळकांडीची दहशत होती. आपल्याकडे जनावरांच्या रोगांची पहिली मोठी प्रयोगशाळा पुण्यात डिसेंबर १८८९ मध्ये सुरू झाली आणि १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. आजची इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था हे तिचंच रूप. मुक्तेश्वरलाच १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुनःपुन्हा नेत सौम्य केला आणि त्याची लस बनवली. तोवर मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय उभं राहून चाळीस वर्षं होऊन गेली होती. ते १८८६ चं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या प्राण्यांच्या रुग्णालयाच्या आवारातलं.

लस हाती आली, पण गावात पोचेपर्यंत ती जिवंत ठेवायची कशी, हा प्रश्न पुढची कित्येक दशकं पुरला. १९५४ साली भारताने बुळकांडीविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू केली. तेव्हापासून थर्मासात बर्फ घालून, गोणपाटात गुंडाळून, एसटीच्या टपावर, सायकलच्या कॅरियरवर लस पोचवणाऱ्या माणसांच्या पिढ्या झाल्या. आजची निळी पेटी त्या थर्मासांची नात. ते थर्मास कुठल्या संग्रहालयात दिसत नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण २००६ साली भारताला बुळकांडीमुक्त देश म्हणून जागतिक मान्यता मिळाली त्यात त्यांचा वाटा कुठल्याही प्रयोगशाळेइतकाच होता.

पेटीची मर्यादाही इथेच सांगायला हवी. आफ्रिकेत इथिओपियाच्या अफार वाळवंटासारख्या भागांत बर्फ पोचवणं शक्यच नव्हतं आणि बुळकांडी तिथे दबा धरून बसली होती. १९९० च्या आसपास जेफ्री मरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रीजबाहेर महिनाभर टिकेल अशी वाळवलेली लस तयार केली. मग गुरं राखणाऱ्या लोकांनाच टोचायला शिकवलं आणि ते लस घेऊन पायी निघाले. जिथे पेटी हरली तिथे लसच सुधारावी लागली. जून २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. त्याचे भाऊबंद मात्र आहेत. माणसांचा गोवर, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, कुत्र्यांचा डिस्टेंपर हे सगळे त्याच कुळातले, आणि त्यातल्या दोघांच्या लसी आजही जुईनगरच्या पेटीतून जातात.

इथवर मी पेटीचं जाणं सांगितलं. तिचं येणंही तितकंच मोलाचं आहे.

दवाखान्यात तिची एक जुळी बहीण आहे, तशीच निळी, पण झाकणावर लाल अक्षरात ‘नमुने’. या दोघींची अदलाबदल कधीही होत नाही. तो दवाखान्यातला सर्वांत कडक नियम आहे. हिच्यात रक्ताच्या नळ्या येतात, मेलेल्या कोंबडीचे अवयव येतात, पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं मेलं तर त्याच्या मेंदूचा तुकडा बर्फात जातो. प्रयोगशाळेतून उत्तर येतं तेव्हा त्या कुत्र्याने चावा घेतलेल्या माणसांना, त्याच्या संगतीतल्या जनावरांना काय करायचं ते ठरतं. पहिली पेटी उपाय नेते, दुसरी बातमी आणते. पशुवैद्यांच्या जगात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी तिथे उतरली. त्या धक्क्यातून २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये २८ देशांनी एक संघटना स्थापन केली. तिचं पहिलं काम औषध वाटणं हे नव्हतं. आपल्याकडे रोग दिसला की एकमेकांना लगेच कळवायचं, एवढंच होतं. त्याच वर्षी मद्रासहून भारतीय पशुवैद्यांचं ‘इंडियन व्हेटरिनरी जर्नल’ निघू लागलं.

बातमी बर्फातून कशी येते, हे महाराष्ट्राने फेब्रुवारी २००६ मध्ये पाहिलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने थंड पेटीतून भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला कळलं की भारतात पहिल्यांदाच बर्ड फ्लू आलाय. मग लाखो पक्षी मारावे लागले, अनेक पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं, गावोगाव अंड्याचे भाव कोसळले. हे सगळं ज्या नळ्यांवर ठरलं त्या वाटेत उन्हाने खराब झाल्या असत्या तर? उत्तर ‘काही आढळलं नाही’ असं आलं असतं आणि रोग पुढच्या तालुक्यात गेला असता. जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळ चिरनेरला कोंबड्यांमध्ये तोच रोग निघाला. जुईनगरच्या पुढचं स्टेशन नेरुळ, आणि तिथून उरणची गाडी सुटते. एवढ्या जवळ. त्या दिवसांत मॅडमच्या टेबलावर लाल अक्षरांची पेटी सकाळपासून तयार असायची, पॅक कानाशी हलवून झालेले, आत नळ्यांचा स्टँड.

२०२२ चा पावसाळा मात्र पहिल्या पेटीचा होता. लम्पी त्वचारोगाने राज्यात धुमाकूळ घातला. गाईबैलांच्या अंगभर गाठी, पायाला सूज, ताप. दुभती गाय दूध तोडायची आणि बैल उठायचे थांबायचे. त्या रोगाची खास लस तेव्हा वापरासाठी बाजारात नव्हती, म्हणून त्याच कुळातल्या शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देण्यात आली. राज्यात गाईबैल सुमारे १ कोटी ४० लाख. सरकारी पशुवैद्य पुरेनात, तेव्हा खासगी डॉक्टर आणि आंतरवासिता करणारी मुलंमुली पेट्या घेऊन गोठ्यागोठ्यांत गेली. ती लस जिवंत विषाणूची, कुपी फोडून द्रावात कालवली की थोड्या वेळात संपवावीच लागते. त्यामुळे गोठ्यातली गुरं आधी मोजायची, मगच कुपी फोडायची. पुढच्या गावात आणखी दहा गाई निघाल्या तर नवी कुपी. वाया गेलेल्या थेंबांवरून हिशोब विचारले जातात हे खरं, पण फोडलेली कुपी उद्यावर ठेवून टोचणं हे त्याहून वाईट, आणि हे तरुण डॉक्टरांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं पाहिजे.

पेटीतली एक कुपी मॅडम स्वतः कुणाच्या हातात देत नाहीत. कालवडींना सांसर्गिक गर्भपाताविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात ती लस. तिच्यातले जंतू जिवंत असतात आणि चुकून सुई स्वतःच्या बोटात गेली तर डॉक्टरलाच ताप, सांधेदुखी, महिनोन्‌महिने आजारपण जडू शकतं. गायीसाठी जे रक्षण, ते टोचणाऱ्याला धोका. त्या दिवशी हातमोजे, चष्मा, आणि गोठ्यात बोलणं बंद. पशुवैद्याच्या धंद्यातल्या या जोखमीबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं.

माझं एक म्हणणं आहे आणि ते मी मॅडमना अनेकदा ऐकवलंय. आपल्याकडे किती डोस टोचले याचे आकडे अभिमानाने सांगतात. गुरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो, कुणाला कधी टोचलं ते मोबाइलवर नोंदवता येतं. त्या नोंदीत त्या क्षणी पेटी किती अंशावर होती हा एक रकाना जोडला पाहिजे. पेटीत थर्मामीटर ठेवणं ही डॉक्टरांची आवड म्हणून राहू नये, तो नियम व्हावा. आणि आपण, जे कुत्री-मांजरं कडेवर घेऊन रांगेत उभे असतो, त्यांनी ‘लस कुठल्या कंपनीची’ याबरोबर ‘पेटी किती अंशावर आहे’ हेही विचारायला हवं. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मॅडमनी झाकणात थर्मामीटर बसवून घेतलाय, त्याची तार आत कुप्यांपाशी सोडलीय, आकडा बाहेर दिसतो. गेल्या उन्हाळ्यात एका सोसायटीत शिबिर होतं. रांग लागलेली, पोरं कुत्र्यांच्या दोऱ्या धरून उन्हात उभी. पेटी ठेवली आणि आकडा बघितला तर १४. आदल्या रात्री वीज गेली होती, पॅक नीट गोठलेच नव्हते, आणि ती वाटेत किती वेळ तशी होती ते सांगता येत नव्हतं. मॅडमनी माइकवर सांगितलं की आज कुणालाही टोचणार नाही. कुरकुर झाली. एक गृहस्थ म्हणाले, “अहो, थोडीशीच तर गरम झालीय, चालवून घ्या.” त्या म्हणाल्या, “काका, चालवून घेतलं तर तुमच्या कार्डावर सही माझी असेल.” सगळ्या कुप्या परत आणून त्यांनी नोंदवहीत ‘बाद’ म्हणून लिहिल्या, पैसे स्वतःचे गेले. पुढच्या रविवारी शिबिर पुन्हा लावलं. त्या दिवशी आकडा ५ होता आणि रांग आधीपेक्षा लांब.